आधी पाना, मग हार

आज खंडेनवमी. पहाटेपासून कोल्हापुरात रबरी नळ्या रस्त्यावर आल्या आहेत. मंगळवार पेठ असो की कसबा बावडा, दारातली दुचाकी, बोळाच्या तोंडाशी लावलेली रिक्षा, गांधीनगरात माल उतरवून मोकळे झालेले टेम्पो, सगळ्यांना आज अभ्यंगस्नान. दुपारपर्यंत हँडलला झेंडूचा हार, आरशाला आंब्याची डहाळी, ट्रकच्या पुढच्या जाळीला उसाचे वाढे, चाकाखाली लिंबू. शिवाजी उद्यमनगरात लेथ आणि ड्रिलिंग मशिने पुसून, कुंकवाची बोटे लावून बंद ठेवली आहेत. आज त्यांच्यावर काम करायचे नाही. ज्या लोखंडावर वर्षभर पोट चालते त्याला एक दिवस नमस्कार करावा, यात हसण्यासारखे काही नाही. उलट पंचांगातल्या व्यवहारी सणांत आम्ही खंडेनवमीचा नंबर बराच वर लावू.

ती आश्विनात येते यालाही कारण आहे. चार महिने कोसळून पाऊस नुकता उघडलेला असतो. ओल भिंतीत असते, कपाटात असते आणि लोखंडावर तर बसलेलीच असते. तलवारी, भाले, पट्टे या दिवशी खुंटीवरून खाली यायचे ते गंज पुसण्यासाठी. पाते घासायचे, धार बघायची, मूठ ढिली झाली असेल तर आवळायची, तेलाचा हात फिरवायचा आणि मग फुले वाहायची. दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन. नद्या उतरलेल्या, वाटा वाळलेल्या, मोहिमा निघण्याच्या बेतात. हत्यार उद्या लागणार म्हणून आज बघायचे, इतका तो साधा हिशेब होता. फुलांची पाळी सगळ्यात शेवटी यायची.

आपल्या गाडीचा हिशेबही आज नेमका तोच आहे. जूनपासून ती पाण्यातून, चिखलातून आणि खड्ड्यांतून गेली. चेनवरचे वंगण धुऊन गेले, ब्रेकच्या ड्रममध्ये माती बसली, बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवा थर चढला, हेडलाइटच्या काचेआड बाष्प धरले, खड्ड्यांनी चाकांची अलाइनमेंट ढळली. आणि पुढे दिवाळीची गावाकडची धाव आहे, गणपतीपुळ्याच्या सहली आहेत, लग्नसराई आहे, उसाचा हंगाम आहे. वर्षातून एकदाच गाडीखाली वाकून बघायचे म्हटले तरी दिवस आजचाच निघेल. पण वाकतो कोण? शाम्पूचा फेस, पाण्याचा फवारा, उदबत्ती, पेढे, मोबाइलवर फोटो, झाली खंडेनवमी. वॉशिंग सेंटरवर रांग लागते आणि शेजारचा मिस्त्री पान्यांची पूजा मांडून निवांत बसलेला असतो.

धुणे म्हणजे देखभाल नव्हे. कधीकधी तर ते तिच्या उलट असते. जोराच्या फवाऱ्याने चेनच्या सांध्यांत आणि चाकाच्या बेअरिंगमध्ये पाणी घुसते. धुतलेली चेन पुसून तिला तेल दिले नाही तर चार दिवसांत ती तांबडी पडते. चकचकीत, हार घातलेली आणि आतून किरकिरणारी गाडी बघायची असेल तर उद्या महाद्वार रोडला थोडा वेळ उभे राहावे. जाता जाता एक: पंचगंगेच्या घाटावर आणि रंकाळ्यावर गाड्या धुवायला नेऊ नयेत. ऑईल-ग्रीसचा तवंग पुण्याच्या दिवशी सोडला म्हणून तो कमी काळा होत नाही, आणि ते पाणी पुढे इचलकरंजी आणि शिरोळकडे जाते.

उद्या सूर्य मावळतीला लागला की दसरा चौकातल्या गर्दीच्या माना एका दिशेला वळतील. न्यू पॅलेसमधून छत्रपतींची मेबॅक येईल. ही जर्मन मोटार राजाराम महाराजांच्या काळातली. राजाराम महाराज १९४० साली गेले, १९४९ मध्ये करवीर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, दुसऱ्या महायुद्धानंतर मेबॅकने त्या जुन्या घराण्याच्या मोटारी बांधणेही सोडले. गाडी मात्र अजून स्वतःच्या चाकांवर लकडकोटापाशी येते. लोक तिचा थाट बघतात. आम्हाला तिच्या उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांचे कौतुक जास्त आहे. क्वचित बाहेर पडणारी मोटार सांभाळणे रोजच्या मोटारीपेक्षा अवघड असते. टाकीतले पेट्रोल शिळे होऊन चिकट साका धरते, कार्बोरेटरची बारीक छिद्रे बुजतात, टायर एकाच जागी दबून चपटा होतो, ब्रेकची रबरे सुकतात, बॅटरी उतरते. अशी गाडी हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत न खोकता चौकात येते, याचा अर्थ आषाढ-श्रावणातही तिच्यावरून कुणाचे तरी हात फिरलेले असतात.

उभ्या गाडीचे दुखणे एसटीने अलीकडेच सोसले आहे. २०२० ची टाळेबंदी आणि मग ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ चा संप, या दोन्ही काळांत आगारांच्या आवारात गाड्या महिनोन्महिने जागच्या हलल्या नाहीत. त्या रस्त्यावर काढताना बॅटऱ्या, टायर आणि रबरी नळ्यांनी मेकॅनिकांना घाम फोडला. ‘वापरतच नाही, मग बिघडेल कशाला’ म्हणणाऱ्यांनी आगारातल्या कुठल्याही मेकॅनिकला विचारून बघावे.

देखभाल म्हणजे काय, हे खरे तर कोल्हापूर जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. साखर कारखाना वर्षातले चार-पाच महिने चालतो. ऊस संपला, मजूर गावाकडे गेले, धुराडे थंडावले की आतले दुसरे काम सुरू होते. मिलचे रोलर उतरवतात, वाळू आणि रसाने झिजलेले त्यांचे दात पुन्हा काढतात. पंप, टर्बाइन, गिअरबॉक्स, चेन, सगळे सुटे होऊन जमिनीवर येते. रस आटवण्याच्या भांड्यांतल्या नळ्यांवरचा थर खरवडला जातो. बॉयलरची नळीन्‌ नळी बघितली जाते. मग पावसाळ्यात रोलरचे पूजन होते आणि दसऱ्याच्या आगेमागे बॉयलरचे अग्निप्रदीपन. फोटो चेअरमन आणि संचालकांचा छापून येतो; त्याच्या मागचे महिने फिटर-वेल्डरांचे असतात. पण क्रम बरोबर असतो. आधी पाना चालतो, मग नारळ फुटतो.

आणि पाना खरोखर चालला की नाही, हे बघायला बाहेरचा माणूस येतो. १९२३ च्या बॉयलर कायद्यापासून निरीक्षकाच्या दाखल्याशिवाय बॉयलर पेटवता येत नाही, आणि तो दाखला जास्तीत जास्त बारा महिन्यांचा. बॉयलर फुटला तर त्याचा मालक मरत नाही, जवळ उभा असलेला मजूर मरतो, एवढे सरकारला शंभर वर्षांपूर्वी कळले होते.

मोटारीच्या बाबतीत ते अजून कळायचे आहे. खासगी मोटारीची किंवा दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. एकदा एमएच-०९ ची पाटी लागली की पंधरा वर्षे सरकारचा कुणीही माणूस तिचा ब्रेक दाबून बघत नाही. मध्ये लागते ती पीयूसी; ती धूर बघते आणि तिथेच थांबते. टायर, स्टिअरिंग, मागचा दिवा यांची दखल पंधरा वर्षे मालकाच्या मर्जीवर. रिक्षा, टेम्पो, ट्रक आणि बस यांना निदान योग्यता प्रमाणपत्र तरी लागते. पहिली आठ वर्षे दोन-दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी. ब्रिटनने १९६० मध्ये दहा वर्षांवरच्या मोटारींची तपासणी सक्तीची केली आणि रस्त्यावरच्या गाड्यांची दशा लक्षात आल्यावर १९६७ पर्यंत ही अट तीन वर्षांवर आणली. जपानात नवी मोटार तीन वर्षांनी पहिल्यांदा आणि मग दर दोन वर्षांनी तपासणीला उभी राहते. आपल्याकडे उद्या तशी सक्ती झाली तर काय होईल, याची कल्पना कुणालाही करता येईल: गाडी दारात, दाखला हातात. त्यामुळे आम्ही या घटकेला तो आग्रह धरत नाही. आधी आहे त्या कायद्यातले एक कलम लोकांनी वाचावे, एवढेच म्हणतो.

मोटार वाहन कायद्याचे कलम १९० सदोष गाडी रस्त्यावर आणण्याबद्दल आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दीड हजार रुपये दंड आहे. त्या दोषामुळे अपघात होऊन कुणाला इजा झाली किंवा मालमत्तेचे नुकसान झाले तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार दंड किंवा दोन्ही. रक्कम सोडा, त्यातली अट बघा. दोष माहीत असला तर गुन्हा आहेच. पण साधी काळजी घेतली असती तर जो दोष कळून आला असता, तो कळला नाही म्हणूनही सुटका नाही. ‘मला काय माहीत टायर गुळगुळीत झालेला’ ही सबब कायद्याने आधीच खोडून ठेवली आहे. टायरच्या खाचेत बारीक उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आले की १.६ मिलिमीटरची मोटारीची मर्यादा संपली. हे बघायला मिस्त्री लागत नाही, पासबुक वाचता येणाऱ्याला हेही वाचता येते. त्याच टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३२१ असेल तर तो २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग सुरू झाला आणि टायर फुटून होणारे अपघात एकाएकी सगळ्यांच्या बोलण्यात आले. टायर तिथे जाऊन झिजले नव्हते. ते घरूनच झिजून गेले होते. सरळ, तापलेल्या काँक्रीटने फक्त तास-दीड तासात निकाल लावला.

देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे गेली. यातले बहुतेक अपघात वेगाच्या नावावर जमा होतात आणि वेग हा मोठा गुन्हेगार आहेच. पण अपघाताच्या बातमीत एक ठरलेले वाक्य असते: चालकाचा ताबा सुटल्याने. ताबा का सुटला, हे पंचनाम्यात सहसा येत नाही आणि बातमीतही येत नाही. ब्रेकचे लायनर लोखंडाला लागलेले होते का, एका बाजूच्या टायरमध्ये हवा कमी होती का, स्टिअरिंगचा सांधा खुळखुळत होता का, हे बघायला गाडीचा सांगाडा महिनाभर पोलिस ठाण्याच्या आवारात पडलेला असतो. तो बघितला जात नाही, गंजतो. ब्रेक आपल्या गाडीत असला तरी त्याची गरज रस्ता ओलांडणाऱ्याला असते. म्हणून देखभाल ही ज्याची त्याची घरगुती बाब आहे, हे आम्ही मानत नाही.

आता घाटाकडे येऊ. कोल्हापूरला कोकण जवळ आहे, म्हणजे घाट जवळ आहेत. आंबा घाट, गगनबावड्याहून उतरणारे करूळ आणि भुईबावडा, खाली फोंडा. दिवाळीच्या सुट्टीत यांतला एक तरी घाट बहुतेक घरांच्या वाट्याला येतो. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषून घेते, तो त्याचा स्वभाव आहे. मानकाप्रमाणे नव्या डॉट-३ तेलाचा उकळबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो. ओल मुरलेल्या तेलासाठी हीच किमान मर्यादा १४० अंश आहे. सपाट रस्त्यावर या पासष्ट अंशांचा पत्ता लागत नाही. घाटात मात्र पाय सतत ब्रेकवर असतो, डिस्क आणि ड्रम तापतात, उष्णता तेलापर्यंत पोचते आणि त्यातल्या पाण्याची वाफ होते. तेल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते. पायाखालचे पेडल मऊ लागते, मग खाली जाते, मग तळाला टेकते. ज्याला आपण अचानक ब्रेक फेल झाला म्हणतो, तो दोन-तीन पावसाळे हळूहळू फेल होत आलेला असतो. तेल दोन वर्षांनी बदलायचे असते, आणि त्याचा खर्च चार माणसांनी तांबडा-पांढरा रस्सा ओरपून दिलेल्या बिलापेक्षा कमी येतो.

त्याच घाटात गाडी न्यूट्रल करून उतरवणारे महाभाग आहेत. पेट्रोल वाचते म्हणे. हल्लीच्या इंजेक्शनच्या इंजिनात गिअरमध्ये पाय उचलून उतरताना इंधन जवळजवळ बंद होते, आणि न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते लागते. म्हणजे पेट्रोलही जाते, आणि इंजिनाने गाडीला धरून ठेवायचे ते गेल्याने सगळा भार ब्रेकवर येतो. या शहाणपणाला काय म्हणावे?

इंजिनाच्या बाबतीत तर कोल्हापूरकरांना अज्ञानाचा आव आणता येणार नाही. शिरोलीत पिस्टन होतात, गोकुळ शिरगावात इंजिनाची बेअरिंगे होतात, इथल्या फाउंड्रीत ओतलेली कास्टिंग देशभरच्या वाहनांत बसतात. पाण्याच्या मोटेची जागा ऑईल इंजिनाने घेतली तेव्हापासून या गावाला इंजिनाचा आवाज ओळखता येतो. चालू इंजिनात क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग एकमेकांना टेकत नाहीत, टेकूच नयेत. मध्ये केसाहून पातळ तेलाचा पापुद्रा असतो. तो पापुद्रा टिकला तर इंजिन लाखो किलोमीटर जाते आणि तुटला तर गावातल्या गावात संपते. तेलाची काडी बघायला दोन मिनिटे लागतात. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून थोडे थांबायचे, काडी ओढून फडक्याने पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालून ओढायची. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. थेंब बोटांत चोळून बघावा. कचकच लागली तर धूळ किंवा लोखंडाचा कीस आहे, दुधाळ दिसला तर कुठून तरी पाणी मिसळते आहे, आणि मग गाडी तशीच दामटू नये. काळे दिसले म्हणून मात्र घाबरायचे कारण नाही. काजळी धरून ठेवणे हे त्या तेलाचे कामच आहे, डिझेलचे तर बदलल्यावर लगेच काळे होते. भय असते ते पातळी खाली गेल्याचे. ती खाली जाते तेव्हा गाडी काही बोलत नाही, आणि डॅशबोर्डवर लाल दिवा लागला म्हणजे बोलायची वेळ निघून गेलेली असते.

पुराने या शहराला एक धडा मात्र पक्का शिकवला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फुटांची. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि तळघरातल्या, दारातल्या गाड्या बुडाल्या. पहिल्या वेळी पाणी ओसरताच अनेकांनी किल्ली फिरवली. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल तर पिस्टन त्याला दाबू शकत नाही. दट्ट्याचा दांडा वाकतो आणि धुऊन-वाळवून सुरू झाले असते ते इंजिन कायमचे जाते. आता शाहूपुरीतले शाळकरी पोरही सांगते, बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारायचा नाही. जुनी गाडी घेणाऱ्यांनीही सीटखालचा गालिचा उचलून गाळाचा वास घ्यावा, एवढे शहाणपण बाजारात आले आहे. म्हणजे शिकत नाही असे नाही. फक्त एका पुराइतकी फी भरावी लागते.

एरवी आपले ब्रीद ‘चालतंय की’. त्यामागे केवळ आळस आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. पहाटे दूध घालणाऱ्याची, एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्याची दुचाकी एक दिवस मिस्त्रीकडे राहिली तर त्या दिवसाचा रोज बुडतो. हप्ता बँकेचा असतो, पेट्रोल रोजचे असते, सर्व्हिसिंगला पैसे त्यानंतर उरले तर. त्यात गॅरेजच्या बिलाबद्दल लोकांच्या मनात संशय असतो, आणि तो नेहमीच खोटा नसतो. न बदललेला भाग बिलात बघितलेले गिऱ्हाईक पुढे दोन वर्षे गॅरेजचे तोंड बघत नाही. यावर जुना उपाय चांगला आहे: काढलेला भाग मागून घ्यायचा. चांगला मिस्त्री न मागता तो हातात देतो, कुठे झिजला ते बोटाने दाखवतो. मालक एक आणि चालवणारा दुसरा, या धंद्यात दुखणे आणखी वेगळे. चालकाला आवाज कळतो पण खर्चाचा अधिकार नाही, मालकाला अधिकार आहे पण तो गाडीत बसत नाही. एसटीत गाडी आगारात लावताना चालकाने बिघाड लिहून द्यायची पद्धत आहे. खासगी ट्रॅव्हल्स आणि मालवाहतुकीत दहा रुपयांची वही ठेवली तरी पुष्कळ ‘अचानक’ बिघाड तारखेनिशी सापडतील.

मिस्त्रीचाही विचार करायला हवा. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ झाल्या, दुचाकीतूनही कार्बोरेटर गेला. कानाने दोष ओळखणाऱ्या पिढीसमोर आता सेन्सर आणि स्कॅनर आले, विजेच्या गाड्याही आल्या. उद्यमनगराने एकेकाळी परदेशी इंजिन खोलून, बघून, तसे इथे ओतले. तिथल्या पोरांना हे जमणार नाही असे आम्हाला वाटत नाही. पण दिवसभर गॅरेजात काम करून संध्याकाळी शिकता येईल असा वर्ग शासकीय आयटीआयने चालवला पाहिजे. विजेच्या गाडीला ऑईल लागत नाही म्हणून निर्धास्त झालेल्यांना एवढेच सांगायचे, की तिलाही टायर चारच आहेत आणि बॅटरीच्या वजनाने ते लवकर झिजतात.

राहता राहिला तो येत्या महिन्यापासून रस्त्यावर उतरणारा ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या, कडेपर्यंत आणि कडेच्या वर ऊस, आणि रात्रीची वेळ. ट्रॅक्टरला ब्रेकची पेडले दोन असतात, डाव्या चाकाचे वेगळे आणि उजव्याचे वेगळे. शेतात जागच्या जागी वळायला ती सोय आहे. रस्त्यावर येताना दोन्ही पेडले कडीने एकत्र जोडायची असतात. कडी तुटलेली असेल किंवा अडकवलेली नसेल आणि घाईत पाय एकाच पेडलवर पडला तर ट्रॅक्टर थांबत नाही, एका अंगाला फिरतो. कडी असूनही दोन बाजूंचे ब्रेक सारखे लावलेले नसतील तर तेच होते. मागच्या ट्रॉल्यांना बहुधा ब्रेक नसतोच; सगळा भार या दोन पेडलांवर आणि एका पिनेवर. बेंदराच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी होते. जू जिथे बसते तो खांदा लोणी-हळदीने मळायचा, कारण वर्षभराचे ओझे त्याने पेललेले असते. ट्रॅक्टरचा खांदा म्हणजे ही पिन. ती झिजून बारीक होते, तिची खीळ हरवते, तिच्या जागी तारेचा तुकडा येतो, आणि चढावर मागची ट्रॉली सुटून उलटी निघते. मागे दुचाकीवर कोण आहे, हे तिला माहीत नसते.

आवाजाची मात्र या ट्रॅक्टरवर कधी टंचाई नसते. हजारो रुपयांची साऊंड सिस्टीम, रंगीत दिव्यांची माळ, नाद खुळा! फक्त मागचा लाल दिवा नसतो, आणि असला तरी लोंबत्या उसाने झाकलेला असतो. हंगामाच्या तोंडावर रिफ्लेक्टर लावण्याचे कार्यक्रम होतात, त्याचेही फोटो येतात. पुढे चिखलाचा थर त्यावर बसला की ते असून नसून सारखे.

हे काम पोलिसांवर आणि आरटीओवर ढकलून भागणार नाही. तेवढी माणसे त्यांच्याकडे नाहीत. ते करू शकतो तो कारखाना. तोडणी-वाहतुकीचा करार तोच करतो, उचल तोच देतो, खेपेचे पैसे तोच भागवतो. उचल देताना ट्रॅक्टरची कागदपत्रे आणि जामीनदार बघतात. त्याच टेबलावर कडी, पिन आणि मागचा दिवा या तीन गोष्टी करारात लिहून घेता येतील. प्रत्येक ट्रॉली काट्यावर दोनदा उभी राहते, एकदा भरलेली आणि एकदा रिकामी. रिकामी उभी असते तेव्हा वर्कशॉपमधल्या एका फिटरने पिन हलवून बघावी, खीळ बघावी, पेडलांची कडी बघावी, रिफ्लेक्टरवरून ओले फडके फिरवावे. जी ट्रॉली नापास होईल तिला दुरुस्तीपर्यंत पुढची खेप नाही. बॉयलरला जो न्याय कारखाना वर्षानुवर्षे पाळत आला तोच आपल्या फाटकाबाहेर पाच-दहा किलोमीटर नेण्याचा हा प्रश्न आहे. अग्निप्रदीपन अनेक ठिकाणी अजून व्हायचे आहे, वाहतुकीचे करार सुरू आहेत. यंदाच्या पहिल्या खेपेपासून हे करायला वेळ आहे.